जोडीनं मरणारे नोड

सोमवारी सकाळी बावीस नंबरचा नोड बंद पडला. तीन आठवड्यांतला तो एकोणिसावा. एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एक स्क्रीन आहे. त्यावर सुरुवातीला अठ्ठेचाळीस हिरवे ठिपके होते. आता एकोणतीस उरले होते.

बोर्डे सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कंपनी त्यांची.

"किती गेले?"

"एकोणीस."

"चाचणी किती दिवसांची?"

"नव्वद."

"आज कितवा दिवस?"

"बाविसावा."

सर केबिनमध्ये गेले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

काम असं होतं. खुलताबाद तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, अद्रक पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. जमिनीत पाणी जास्त झालं की अद्रकाचा कंद कुजतो, आणि कूज वर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कुजायला सुरुवात होते एखाद्या छोट्या तुकड्यात. म्हणून गटाला जमिनीतला ओलावा तुकड्यातुकड्यानं कळायला हवा होता. लागवडीआधी सरकारी अनुदानातून तीन एकरांत चाचणी घ्यायची आणि जमली तर गटाच्या सगळ्या जमिनीवर यंत्रणा बसवायची, असं ठरलं. अट एकच होती: नव्वद दिवस एकही बॅटरी बदलायची नाही. सोलर पॅनल त्यांना नको होतं. ते चोरीला जातं, हे गटाचे अध्यक्ष काशिनाथ आप्पा यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं.

नोड म्हणजे एक डबी. गुडघाभर उंचीच्या लोखंडी पाइपवर ती बसवलेली असते. आत बॅटरी आणि छोटा रेडिओ; खाली मातीत खुपसलेली एक सळई ओलावा मोजते. पाइप गुडघ्याएवढाच ठेवला, कारण उंच दांड्यात फवारणीची नळी अडकते. असे अठ्ठेचाळीस दांडे पंधरा-वीस पावलांच्या अंतरानं, आठ-आठच्या सहा ओळींत उभे केले होते. मोटारीच्या खोलीवर एक मोठा अँटेना होता. तो सगळ्या नोडांची माहिती गोळा करून मोबाइल नेटवर्कवरून आमच्याकडे पाठवायचा. त्याला आम्ही गेटवे म्हणतो.

ओलावा मोजायला नोडला फारशी वीज लागत नाही. वीज लागते बोलायला, आणि लांबवर बोलायला तर फारच. अंतर दुप्पट झालं की खर्च चौपट होतो, कधी त्याहून जास्त. म्हणून अठ्ठेचाळीस जणांनी एकेकट्यानं गेटवेला ओरडून सांगण्यापेक्षा त्यांचे गट पाडतात. ऊसतोडीच्या टोळीत प्रत्येक माणूस कारखान्याच्या ऑफिसात जात नाही, मुकादम जातो. तसंच इथेही. शेजारचे नोड हळू आवाजात आपल्या मुकादमाला आकडा सांगतात आणि झोपतात. मुकादम सगळे आकडे एकत्र करून एकदाच लांबवर पाठवतो. इंग्रजीत याला क्लस्टरिंग म्हणतात आणि मुकादमाला क्लस्टर हेड.

मुकादमाचं काम महागाचं असतं. त्याला इतरांचं ऐकत जागं राहावं लागतं. एकाच नोडला कायम ते दिलं तर तो लवकर संपेल. म्हणून दर काही तासांनी निवड होते आणि ज्याची बॅटरी जास्त शिल्लक असेल त्याला मुकादमकी मिळते. सगळे थोडे थोडे झिजतात, कोणी एकटा मरत नाही.

आमच्याकडे एकेकटेच मरत होते. खरं तर जोडीनं.

पहिला संशय बॅटऱ्यांवर गेला. एकाच खोक्यातल्या असतील, खराब निघाल्या असतील. मेलेल्या नोडांच्या बॅटऱ्यांचे नंबर काढले. त्या चार वेगवेगळ्या खोक्यांतल्या होत्या. त्याच खोक्यांतल्या इतर बॅटऱ्या व्यवस्थित चालू होत्या.

मग मी शेताचा नकाशा कागदावर काढला आणि प्रत्येक नोडच्या जागी तो बंद पडल्याची तारीख लिहिली. आमचे टेक्निशियन शफीकभाई शेजारी चहा घेत बसले होते. कंपनीत येण्याआधी पंचवीस वर्षं क्रांती चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला.

"मॅडम, ये तो चल रहा है."

"काय चाललंय?"

"मौत. देखो ना." त्यांनी बोट फिरवलं. "पैले एक और नऊ. दो दिन बाद दो और दहा. फिर तीन और अकरा. जोडी जोडी से. शेवटपर्यंत गेला, और फिर वळला. अब वापस येतोय. चोवीस, तेवीस, बावीस. पण आता एकेकटा."

ते बरोबर होतं. आठ जोड्या पहिल्या दोन ओळींतून सरळ गेल्या होत्या. तिसऱ्या ओळीत मरण उलट दिशेनं निघालं होतं, दर दोन दिवसांनी एक पाऊल. खराब बॅटऱ्या रांगेत उभ्या राहून मरत नाहीत.

"बैल वळवल्यासारखं वळलंय," मी म्हटलं.

"बैल नक्को बोलो, कंपनी बैल का बिल लगा देगी."

अकराच्या सुमाराला आम्ही दोघं जीप घेऊन निघालो. साडेबाराला शेतावर पोहोचलो. काशिनाथ आप्पा मोटारीच्या खोलीपाशी वाट पाहत होते. साठीचे, अंगानं सडसडीत, बोलण्यात नेमके.

शेत मोकळं होतं. गहू काढून झाला होता. बंद पडलेल्या प्रत्येक दांड्यावर दोरीचे वळ होते, पाइपवरचा रंग घासला गेला होता. दोन दांडे कलले होते. खाली लेंड्यांचा थर होता.

"पाहिलं?" आप्पा म्हणाले. "मेंढक्याचं काम हे."

"कोण मेंढके?"

"मल्हारी. आपल्याच गटानं बोलावलाय, मेंढ्या बसवायला."

मेंढ्या बसवणं हा या भागातला जुना रिवाज आहे. पीक निघालं की मेंढपाळाला शेतात उतरवतात. दिवसभर मेंढ्या डोंगरात चरतात, संध्याकाळी येऊन शेतात बसतात. त्यांच्या लेंड्या आणि मूत मातीत मुरतं. एक जागा झाली की मेंढपाळ जाळं उचलून पुढच्या जागेवर लावतो. असं करत करत सगळं शेत खतावतं. बदल्यात त्याला धान्य मिळतं, विहिरीचं पाणी मिळतं.

आम्ही या शेतावर आधी पाच वेळा आलो होतो. पाचही वेळा दुपारी, गेटवे पाहून मोटारीच्या खोलीपासूनच परतलो होतो. मेंढ्या आम्ही एकदाही पाहिल्या नव्हत्या.

"तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत आप्पा."

"त्यात सांगायचं काय? उन्हाळ्यात मेंढ्या बसत्यातच. तुम्ही इचारलं का?"

विचारलं नव्हतं.

आप्पांनी पुढचं सांगितलं. गटाच्या लोकांची गुरुवारी संध्याकाळी बैठक होती. मल्हारीनं सरकारी अनुदानाच्या यंत्राची नासधूस केली, असं ठरवून त्याला त्याच दिवशी उठवायचं. आजूबाजूच्या गावांनाही कळवायचं. "म्हंजे दुसरीकडं तरी नीट राहील."

गाडीत बसताना सरांचा फोन आला. मी दोरीच्या वळांबद्दल सांगितलं.

"उत्तम," सर म्हणाले. "फोटो काढलेत?"

"काढले."

"मग रिपोर्ट सोपा आहे. साइटवर बाहेरच्या व्यक्तीकडून छेडछाड. वॉरंटीत बसत नाही. गटानं बॅटऱ्या बदलून घ्याव्यात, चाचणी पुढे चालू. गुरुवारच्या आधी सही करून पाठवा."

"सर, कारण अजून कळलेलं नाही."

"अहो, फोटोत दिसतंय की."

शफीकभाईंनी गाडी चालवता चालवता सगळं ऐकलं होतं. खुलताबादचा घाट उतरल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मॅडम, रस्सी बॅटरी पिती क्या?"

प्रश्न तोच होता. दांडा हलवला तर सळई निसटेल, ओलाव्याचा आकडा चुकेल. बॅटरी का संपेल?

ऑफिसात येऊन आम्ही गेटवेची मूळ नोंद उघडली. एरवी ती कोणी पाहत नाही, कारण स्क्रीनवर तिचा सुबक आलेख दिसतो. पण आलेख काढणारा प्रोग्राम मधल्या रिकाम्या जागा सरळ रेषेनं जोडून टाकतो. मूळ नोंदीत त्या जागा रिकाम्याच होत्या. प्रत्येक नोड मरण्याआधी दोन ते चार रात्री गायब होता. सूर्य मावळायच्या सुमाराला गप्प, उजाडल्यावर पुन्हा हजर. बॅटरीची पातळी नोड दिवसातून एकदाच, दुपारी बाराला कळवायचा. दर दुपारी ती आधीच्या दिवसापेक्षा खूप खाली गेलेली असायची.

म्हणजे रात्री नोड बोलत नव्हता, तरी त्याची बॅटरी संपत होती. न बोलणारा नोड खर्च कशावर करत होता, हे मला समजेना.

मंगळवारी आम्ही संध्याकाळी गेलो.

मल्हारीचं बिऱ्हाड बांधाला लागून होतं. तीन दगडांची चूल, एक घोडं, दोन कुत्री. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायचं जाळं, आमचे चार दांडे आत घेऊन त्यांनाच चारही कोपऱ्यांवर बांधलेलं होतं. त्यांतले दोन नोड आधीच बंद पडलेले होते. मल्हारीची बायको ठकूबाई भाकरी थापत होत्या. मल्हारी आम्हाला पाहून उठून उभा राहिला. त्याला आप्पांचा निरोप आधीच मिळाला होता.

"दांड्याला दोरी तुम्हीच बांधली?" मी विचारलं.

"व्हय. बांधली." त्यानं नजर चुकवली नाही. "जमीन लई कडक झालीया म्याडम. खुट्ट्या जात नाईत. तुमचे दांडे मजबूत दिसले. चौकोन तर आखूनच ठिवलेला. म्हटलं, बरं झालं. नको व्हतं तर पयल्याच दिशी सांगायचं. काढलं असतं."

"डबी उघडली कधी?"

"मी कशाला उघडू? त्यात काय भाकर हाय?"

"आप्पा म्हणतात गुरुवारी उठायचं."

मल्हारीनं कुत्र्याला उगाच हाकललं. उत्तर ठकूबाईंनी दिलं. "पंचवीस-तीस मेंढ्या याच आठवड्यात व्याल्यात बाई. चार दिसांची कोकरं घेऊन ह्या उन्हात कुठं चालावं? आन् चाललो तरी घेणार कोण? इथून सोयगावपतूर समदी गावं आमच्या वळखीची. आप्पानं फोन केला की झालं. चोर म्हणून नाव पडलं की शेतात कुणी उतरवत नाय."

मेंढ्या डोंगरातून उतरत होत्या. दोनशेच्या वर असतील. धुळीचा लोट आधी आला, मग घंटा, मग त्या. वाघरीत शिरल्या आणि दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. कोपऱ्यातला आमचा दांडा त्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. डबी त्यांच्या पोटाच्या उंचीवर होती.

"आता बगा," ठकूबाई म्हणाल्या. "आता त्याचा डोळा सुरू हुईल."

"कोणाचा?"

"त्या डबड्याचा. मेंढरं बसली की लाल डोळा मिचकावाया लागतो. सकाळी उठली की बंद. आमाला वाटलं क्यामेरा बसवलाय आमच्यावर. मी तर त्याच्याकडं पाठ करूनच बसते."

शफीकभाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. नोडवर दोन दिवे असतात. आकडा पाठवला की हिरवा लागतो. लाल लागतो तो फक्त मुकादमकी स्वीकारताना, म्हणजे काही तासांतून एकदा.

दहा मिनिटांत लाल दिवा लागला. मग पुन्हा लागला. मग थांबेचना. शफीकभाई जाळ्याभोवती चक्कर मारून आले.

"जो दो चालू हैं, दोनों मुकादम बन गए मॅडम. दोनों के दोनों. टोळीत माणूस एक नाही."

तेव्हा उलगडा झाला.

मेंढीचं अंग म्हणजे बहुतेक पाणी. आमचा रेडिओ ज्या लहरींवर बोलतो त्या पाणी शोषून घेतं. दोनशे मेंढ्या भोवती उभ्या राहिल्या म्हणजे नोडभोवती पाण्याची भिंत उभी राहिली. त्याला आपल्या मुकादमाचा आवाज ऐकू येत नाही. अशा वेळी काय करायचं, याचा एक नियम प्रोग्राममध्ये होता: मुकादम ऐकू आला नाही तर स्वतः मुकादम व्हा आणि पूर्ण ताकदीनं गेटवेला हाक मारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा मारा. उद्देश चांगला होता. कोणताही नोड एकटा पडून त्याचा आकडा हरवू नये. पण मेंढ्यांच्या आत अडकलेला नोड रात्रभर जागा राहून हाका मारत होता आणि एकही हाक भिंतीबाहेर जात नव्हती.

पहिल्या फेरीत जाळ्याच्या दोन्ही बाजूंना ताजे नोड होते, म्हणून जोड्या गेल्या. वळल्यावर एक बाजू आधीच मेलेली होती, म्हणून एकेकटे.

तो नियम मी लिहिला होता.

कळणं आणि सिद्ध करणं वेगळं. आम्ही एका दांड्यावर नवी बॅटरी घालून नोड तसाच ठेवला. दुसरा नोड तितकीच नवी बॅटरी घालून बांबूला बांधला आणि मेंढ्यांच्या पाठींपेक्षा बराच उंच, त्याच कोपऱ्यात उभा केला. बांबू मल्हारीनं दिला. रोवायला मदतही त्यानंच केली.

"ह्यानं आमचं काय हुईल?" त्यानं विचारलं.

"ते सकाळी कळेल."

"म्हंजे तुमालाबी ठाऊक नाय?"

"नाही."

तो पहिल्यांदाच हसला. "मग बरंय. आप्पाला समदं ठाऊक असतंय."

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो आणि बुधवारी दिवस उगवताना परत आलो. शफीकभाईंनी मल्टिमीटर लावला. बांबूवरचा नोड जवळपास भरलेला होता. खालच्या नोडची बॅटरी एका रात्रीत अर्ध्याच्या खाली गेली होती. दोघांच्या मध्ये फरक फक्त मेंढ्यांचा होता. दोरी दोघांनाही होती. बांबूला मी मुद्दाम बांधायला सांगितली होती.

मी रिपोर्ट लिहिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: मुकादम न सापडल्यास नोडनं काय करावं, याचा नियम चुकीचा. डिझाइनमधला दोष. सरांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा नियम कोणाचा?"

"माझा."

"मग स्वतःविरुद्ध सही करताय?"

"स्वतःच्या कामाखाली करतेय."

"चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागेल. सगळ्या बॅटऱ्या आपल्या. हे लक्षात आहे?"

"आहे."

"दोरीचा उल्लेखही नाही यात."

"दोरीनं रंग गेला, सर. रंगाची चाचणी नव्हती."

सरांनी पेन शोधलं, सापडलं नाही, माझंच घेतलं. सही करताना म्हणाले, "गुरुवारी तुम्हीच जा. मी येत नाही." हे त्यांच्या दृष्टीनं औदार्य होतं.

गुरुवारची बैठक मोटारीच्या खोलीसमोर भरली. दहा-बारा जण होते. मल्हारी बाजूला उकिडवा बसला होता. मी दोन्ही नोड सोबत नेले होते. काय झालं ते मुकादमाच्याच भाषेत सांगितलं आणि मल्टिमीटर आप्पांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः दोन्ही बॅटऱ्या मोजल्या, चष्मा काढून पुन्हा मोजल्या.

"म्हंजे चूक तुमची."

"हो."

"मेंढ्या तर आमच्या आज्यापासून बसत्यात इथं. आन् तुमचं यंत्र त्यांनाच भ्यालं?"

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या दोन गावांना आधीच फोन केले होते आणि आता ते परत करायचे होते. ते सगळ्यांसमोर कबूल करणं त्यांना जड जात होतं.

"तरी दांड्याला दोरी नाय बांधायची," ते मल्हारीकडे वळून म्हणाले. "पहार घेऊन जा मोटारीच्या खोलीतली. खुट्ट्या ठोक."

"ठोकतो."

"आन् कुठवर झालंय?"

"तिसरी वळ चालू हाय."

"मग बस की. पुरं कर." एवढं बोलून आप्पांनी फोन काढला आणि बांधाकडे चालत गेले. पाठमोरे असताना ते मोठ्यानं बोलत होते. "नाय नाय, त्या मल्हारीचं तसलं काय नव्हतं. कंपनीचंच गंडलं व्हतं." आवाज मुद्दाम वर होता, मल्हारीला ऐकू जाईल इतका.

नियम बदलला. आता मुकादम ऐकू आला नाही तर नोड गप्प बसतो. आकडा स्वतःजवळ ठेवतो, तासाभरानं एकदा हळूच विचारतो, उत्तर नसेल तर पुन्हा झोपतो. सकाळी मेंढ्या उठल्या की रात्रभरचे सगळे आकडे एका दमात पाठवतो. मातीतला ओलावा एका रात्रीत इकडचा तिकडे होत नाही. शेतकऱ्याला तो सकाळी कळला तरी चालतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. आकडा ताबडतोब पोहोचलाच पाहिजे, असं गटानं कधीच म्हटलं नव्हतं. ते मीच गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या चाचणीचे नव्वद दिवस पूर्ण झाले तेव्हा अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस नोड चालू होते. एक ट्रॅक्टरखाली गेला. त्याचं कारण सगळ्यांना दिसत होतं.

चुकीचा नियम दोन ओळींचा होता. तो काढून नवा लिहायला एक दुपार लागली. शोधायला तीन आठवडे लागले, कारण आधी आम्ही बॅटरीकडे पाहिलं, मग दोरीकडे, मग माणसाकडे, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या कोडकडे. हा क्रम उलटा ठेवला असता तर बरेच दिवस वाचले असते.

तो रिपोर्ट फाइलीत आहे. चार पानांचा. त्यात मल्हारीचं नाव कुठेही नाही. ते नसावं, यासाठीच तो लिहावा लागला होता.